मराठवाड्यात गोल्फ मैदान उभारताना: आधी पाण्याचा हिशेब, मग नकाशा

गोल्फ कोर्स, रिसॉर्टची मोठी हिरवळ किंवा टाउनशिपमधलं नऊ होलचं मैदान, मराठवाड्यात अशी कामं बिघडतात ती बहुतेक क्रम चुकल्यामुळे. आधी नकाशा ठरतो, मग पोकलेन येतो, मग गवत लागतं आणि पाण्याचा प्रश्न मार्चमध्ये बोअर आटल्यावर निघतो. तोवर हिरवळीचं क्षेत्र ठरून गेलेलं असतं, ते कमी करायला कुणी तयार होत नाही, आणि गावाच्या वाट्याचं भूजल उपसलं जातं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा प्रदेशात मैदान करायचं असेल, तर पाणी किती आहे यावरून गवत किती ठेवायचं हे ठरलं पाहिजे.

खालचे सगळे आकडे एकाच उदाहरणाचे आहेत: ६० एकर माळरान, नऊ होल. तुमची जमीन वेगळी असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

## टप्पा १: एक पावसाळा जमीन नुसती बघा

सातबारा, गटनकाशा आणि मोजणी हातात घेऊन सुरुवात करा. नकाशावरचा नाला, पाणंद, शिवरस्ता आणि वहिवाटीच्या वाटा जागेवर खुंट्या ठोकून दाखवून घ्या. नाला तुमच्या हद्दीतून जात असला तरी त्याचं पाणी खालच्या गावाच्या विहिरींचं असतं. तो वळवायचा किंवा बुजवायचा नाही.

मग पाऊस पडताना जागेवर थांबा. पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, कोणती वगळ आधी वाहू लागते, हे फोटोसह नोंदवा. जून-जुलैवर समाधान मानू नका. आपल्याकडे परतीचा पाऊस सप्टेंबरमध्येच जास्त दणका देतो; सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ते सगळ्यांनी पाहिलं. पुढे तळ्याला लागणाऱ्या सांडव्याचं माप त्या पाण्यावरून ठरतं.

पावसानंतर अर्ध्या मीटरच्या अंतराने कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) घ्या. दर दोन-तीन एकरांना एक चाचणी खड्डा, दीड मीटर खोल. त्यात तीन गोष्टी लिहायच्या: काळी माती किती फूट, मुरूम कुठे लागला, पाषाण कुठे लागला. जिथे तळं घ्यायचा विचार आहे तिथे तीन-चार खड्डे पाच मीटरपर्यंत न्या. दोन मीटरवर काळा पाषाण लागला, तर तळ्याची जागा आत्ताच बदलता येते, यंत्र लागल्यावर नाही.

तपासणी: चाचणी खड्ड्यात वीतभर पाणी भरून ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी तासाला किती मिलिमीटर उतरतं ते मोजा. बाजूंनीही पाणी झिरपतं, त्यामुळे हा आकडा तुलनेपुरता. मुरमाड जमिनीत पाणी झरझर उतरेल, काळ्या मातीत जेमतेम हलेल. पुढे स्प्रिंकलर किती मिनिटं चालवायचे त्याचा अंदाज इथूनच येतो.

## टप्पा २: गरजेचा हिशेब

हा कागद तयार होईपर्यंत डिझायनरला बोलावू नका.

सूत्र साधं आहे. संदर्भ बाष्पोत्सर्जन (जमिनीतून आणि गवतातून हवेत उडून जाणाऱ्या पाण्याचं माप) रोज किती मिलिमीटर, त्याला गवताच्या गुणांकाने गुणायचं, आणि सिंचनाच्या कार्यक्षमतेने भागायचं. हरळी वर्गातल्या गवताला ०.६ गुणांक पुरतो. नीट बसवलेल्या स्प्रिंकलरची कार्यक्षमता ०.७५ धरा. आराखड्यासाठी बाष्पोत्सर्जन डिसेंबर-जानेवारीत रोज ४ मिमी, मार्चमध्ये ६, एप्रिलमध्ये ८ आणि मेमध्ये ९ मिमी घेता येतात. अंतिम आराखड्यात मात्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या किंवा जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदी वापरा.

एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,०५० लिटर. समजा १५ एकरांना पाणी द्यायचं आहे:

- डिसेंबर-जानेवारी: रोज ३.२ मिमी, म्हणजे १.९५ लाख लिटर
- मार्च: रोज ४.८ मिमी, म्हणजे २.९ लाख लिटर
- एप्रिल: रोज ६.४ मिमी, म्हणजे ३.९ लाख लिटर
- मे: रोज ७.२ मिमी, म्हणजे ४.४ लाख लिटर

ऑक्टोबर मध्यापासून जून मध्यापर्यंतची बेरीज साधारण पावणेसात कोटी लिटर होते. हेच क्षेत्र ३५ एकर धरलं तर मेमध्ये रोज दहा लाख लिटरांच्या वर लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. नकाशावर फेअरवे (होलच्या मधला कापलेल्या गवताचा लांब पट्टा) थोडा रुंद केला की काय होतं, ते या आकड्यांत दिसतं.

नेहमीची चूक: वर्षाची सरासरी काढून पंप आणि तळं ठरवणं. मैदान सरासरीवर जळत नाही, एप्रिल-मेमध्ये जळतं. माप मेचं घ्या.

## टप्पा ३: पाणी कुठून आणायचं

पाऊस. सरासरी पाऊस धरू नका. चारपैकी तीन वर्षं तरी नक्की मिळेल तेवढाच धरा. कमी पावसाच्या तालुक्यांत आराखड्यासाठी ५०० मिमी ठीक आहे. ६० एकर म्हणजे २.४३ लाख चौरस मीटर. त्यावरचा २० टक्के पाऊस वाहून तळ्यात आला तर सुमारे २.४ कोटी लिटर मिळतात. मुरमाड, चर काढलेल्या जमिनीवर अपधाव, म्हणजे वाहून येणारं पाणी, याहून कमी येतो, हे लक्षात ठेवा.

प्रक्रिया केलेलं सांडपाणी. रोज हमखास मिळणारा स्रोत हा एकच. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं, तर माणशी १०८ लिटर होतात. म्हणजे रोज दोन लाख लिटरांसाठी साधारण १,८५० माणसांची वस्ती लागते. टाउनशिप अर्धी रिकामी असेल तर पाणीही अर्धंच येईल. विक्रीच्या माहितीपत्रकातली लोकसंख्या हिशेबात घेऊ नका. जवळच्या नगरपालिकेचं शुद्ध केलेलं सांडपाणी घ्यायचं ठरलं, तर करार, पाइपलाइन आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हे सगळं माती हलवण्याआधी हातात हवं.

विहीर आणि बोअर. हा आणीबाणीपुरता स्रोत, तोही फक्त ग्रीनसाठी, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतासाठी. आपल्याखाली बेसाल्ट आहे. पाणी प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. पाचशे फूट खाली लागलेलं पाणी एकदा उपसलं की पावसाळ्यात तितकं परत भरत नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ नुसार ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत, म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून गावाची स्थिती आधी लेखी घ्या.

सावधान: बोअरने उपसून तळं भरू नका. शेततळ्यांच्या बाबतीत आपल्याकडे हे सर्रास होतं. जमिनीखालचं झाकलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवण्यासारखं नुकसानीचं दुसरं काम नाही.

आता दोन्ही स्रोत गरजेशेजारी मांडा. रोजचे दोन लाख लिटर सांडपाणी हिवाळ्याची गरज जवळपास भागवतं. फेब्रुवारीपासून जून मध्यापर्यंत जी तूट पडते तिची बेरीज १.९ कोटी लिटर येते, आणि ती तळ्यातून भरायची. तळ्यातून बाष्पीभवन वजा जाता १.६ कोटी मिळतात. उरलेले ३० लाख लिटर मेमध्ये फेअरवेचं पाणी एक तृतीयांशाने कमी केलं की सुटतात. म्हणजे १५ एकरांवर हिशेब जेमतेम जमतो. १८ एकरांवर जमत नाही.

## टप्पा ४: आता नकाशा

१५ एकरांची वाटणी डिझायनरच्या हातात द्या आणि त्यात बसवायला सांगा. नऊ ग्रीन प्रत्येकी ५०० चौरस मीटर आणि एक सरावाचा ग्रीन मिळून सव्वा एकर. टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, ०.७ एकर. दोन होल पार-३ चे (तीन फटक्यांचे, छोटे) ठेवून तिथे फेअरवे द्यायचाच नाही. बाकी सात होलना प्रत्येकी २०० मीटर लांब आणि २८ मीटर रुंद फेअरवे दिला की पावणेदहा एकर होतात. ग्रीनभोवतीच्या पट्ट्याला तीन एकर. संपलं.

उरलेले ४५ एकर स्थानिक गवताचे, पाण्याशिवाय. मारवेल, शेडा, पवन्या ही आपल्या माळावरचीच गवतं आहेत, पाऊस पडला की हिरवी आणि दिवाळीनंतर सोनेरी. कुसळीही माळावर भरपूर असते, पण ती वाटांपासून लांब ठेवा. तिची कुसळं मोज्यांत आणि पँटच्या शिवणीत घुसतात, आणि तक्रार आली की व्यवस्थापन तिथेही लॉन लावायला निघतं. झाडांत कडुनिंब, हिवर, बाभूळ, पळस, बोर, आपटा.

ग्रीन आणि टी शक्यतो मुरमाड उंचवट्यावर घ्या. खोल काळ्या मातीत टाकलेला रस्ता आणि पाइप दर उन्हाळ्यात भेगांबरोबर हलतात.

## टप्पा ५: माथा ते पायथा

मातीकाम नोव्हेंबर ते मे. पाणलोटाचा नियम इथेही तोच: वरून खाली या.

१. वरची माती उचला. ज्या भागात खोदकाम किंवा भराव आहे तिथला वरचा १५ ते ३० सेंमी थर वेगळा काढा. ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको. पावसाळ्यात ढीग पडून राहणार असेल तर त्यावर ताग किंवा धैंचा पेरा. ही माती मुरमात मिसळली की परत मिळत नाही. ठेकेदाराच्या दरपत्रकात हे काम वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर पहिल्याच दिवशी ती भरावात जाते.

२. माथ्यावर सलग समतल चर. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. माती उताराच्या खालच्या बाजूला टाका आणि त्या बांधावर गवताचं बी टाका. पातळी डोळ्यांनी ठरवू नका. पाणनळी किंवा डंपी (पातळी बघायची दुर्बीण) लावा. चर थोडा जरी उताराला गेला तरी तो पाणी अडवण्याऐवजी एका टोकाला नेऊन बांध फोडतो.

३. वगळींत लहान दगडी बांध, दोन बांधांमध्ये अंतर असं की खालच्याचा माथा आणि वरच्याचा पाया एका पातळीत येईल.

४. मुरवण तळं वर, साठवण तळं खाली. दोन्ही कामं एकाच तळ्याकडून होत नाहीत. मुरवण तळ्याला अस्तर नाही. साठवण तळ्याला हवंच, कारण मुरमात भरलेलं पाणी दोन-तीन महिन्यांत निघून जातं.

साठवण तळ्याचं माप: माथा ८० × ८० मीटर, खोली ५ मीटर, बाजूंचा उतार १:१.५. वरचा अर्धा मीटर मोकळा सोडून सुमारे २.३ कोटी लिटर मावतात. खोलीवर अडून राहा. ऑक्टोबरअखेरपासून मेअखेरपर्यंत उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने सव्वा मीटरच्या आसपास उतरते. तेवढंच पाणी अडीच मीटर खोल पण दुप्पट पसरट तळ्यात ठेवलं तर बाष्पीभवनही जवळपास दुप्पट. देखाव्यासाठी पसरट तलाव मागणाऱ्या मालकाला हा आकडा दाखवा. दोन तळी असतील तर फेब्रुवारीत उथळ तळं आधी रिकामं करा.

अस्तराला ५०० मायक्रॉनचं जिओमेम्ब्रेन (जाड प्लॅस्टिकचा कागद). त्याखाली टोकदार दगड वेचून १० सेंमी चाळलेली माती किंवा जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड) घाला. पाणी आत येण्याआधी गाळ सापळा बांधा. तो दर मोठ्या पावसानंतर उपसायचा. सांडवा बांधाच्या भरावात नको, मूळ जमिनीत कापा.

खोदाईतून सुमारे ९,३०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम आणि दगड निघतो. टी, रस्ते, उंचवटे सगळं त्यातच बसवा. गौण खनिजाची परवानगी तहसील कार्यालयातून खोदाईआधी घ्या.

सावधान: प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात पडलेलं माणूस किंवा जनावर आपलं आपण वर येऊ शकत नाही, पाय घसरतात. कुंपण, फाटकाला कुलूप आणि चारही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडलेले गाठींचे दोर, हे पाणी भरण्याआधी झालं पाहिजे. शेततळ्यांत दरवर्षी मुलं बुडतात.

## टप्पा ६: ग्रीन

थर खालून वर असे: घट्ट दाबलेला पाया, त्यात १५ सेंमी रुंद आणि २० सेंमी खोल चर, चरात १०० मिमीचा छिद्रांचा पाइप (दोन रांगांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नाही, उतार किमान अर्धा टक्का), त्यावर १० सेंमी धुतलेली बारीक खडी, वर ३० सेंमी वाळूचं मिश्रण.

५०० चौरस मीटरच्या एका ग्रीनला वाळू ५३ ब्रास आणि खडी १८ ब्रास लागते. वाळू बसते, म्हणून १५ टक्के जास्त मागवा. नदीच्या वाळूचा आग्रह धरू नका, कृत्रिम वाळू चालते. पण ती धुतलेलीच हवी. क्रशरची भुकटी आत राहिली तर ग्रीन पहिल्याच वर्षी कठीण होतो आणि पाणी वर साचतं.

तपासणी: काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा वाळू, वर पाणी, जोरात हलवून दोन तास ठेवा. वाळूवर भुकटीचा जाड थर दिसला तर गाडी परत पाठवा. दुसरी तपासणी बादलीची: बुडाला भोकं असलेल्या बादलीत १० सेंमी खडी आणि त्यावर वाळू, मग दहा वेळा पाणी ओता. खाली वाळू येत असेल तर खडी जाड आहे.

वाळूत काळी माती मिसळू नका, कितीही सुपीक असली तरी. चांगलं कुजलेलं, चाळलेलं कंपोस्ट घ्या आणि त्याचं प्रमाण प्रयोगशाळेतून मिश्रण तपासून ठरवा. मिश्रण ग्रीनबाहेर करून आणायचं, आत टाकून फावड्याने नाही.

ग्रीनखालचा निचरा थेट नाल्यात सोडू नका. त्यात खतातला नायट्रेट असतो. गवताच्या रुंद पट्ट्यातून फिरवून तो साठवण तळ्यात घ्या. मुरवण तळ्यात किंवा पुनर्भरणाच्या बोअरमध्ये हे पाणी आणि सांडपाणी कधीच नको. तिथून ते गावाच्या पिण्याच्या विहिरीत पोहोचतं.

## टप्पा ७: पंप, पाइप, स्प्रिंकलर

पाणी रात्री दहा ते पहाटे सहा. मेमधले ४.४ लाख लिटर आठ तासांत द्यायचे म्हणजे ताशी ५५ हजार लिटर, सेकंदाला १५ लिटर. मुख्य पाइप १४० मिमी एचडीपीई घ्या. वीज गेली तर तेवढीच रात्र उरते, त्यामुळे जनरेटर किंवा दुसऱ्या पंपाची सोय आधीच करा. पंपानंतर १२० मेशचा डिस्क फिल्टर.

काळ्या मातीत चर रुंद खणून पाइपभोवती चारही बाजूंनी मुरूम भरा. नुसती माती लोटली तर एप्रिलमध्ये भेगा पडतात आणि सांधे निखळतात.

स्प्रिंकलरचा फवारा शेजारच्या स्प्रिंकलरपर्यंत पोहोचला पाहिजे. ग्रीन, टी आणि फेअरवेचे व्हॉल्व्ह वेगळे, प्रत्येकाला मीटर. एका व्हॉल्व्हवर सगळं जोडलं की टंचाईत काय तोडायचं हे ठरवताच येत नाही. स्थानिक गवताच्या पट्ट्यात स्प्रिंकलरचा एकही थेंब नको. झाडांना पहिली दोन वर्षं ठिबक.

स्प्रिंकलर ताशी १२ मिमी देतो आणि काळी माती ताशी ४-५ मिमीच पिते. मेचे ७.२ मिमी द्यायला ३६ मिनिटं लागतात. ती सलग दिली तर निम्मं पाणी उताराने निघून जाईल. १२ मिनिटं, तासभर थांबा, पुन्हा १२, असे तीन हप्ते करा.

सांडपाण्याच्या नळावर, व्हॉल्व्हवर आणि मैदानात ‘पिण्यास अयोग्य’ अशा पाट्या मराठीत लावा. माळी आणि मजूर त्याच नळाला हात लावतात. त्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत आणि निर्जंतुकीकरण रोज तपासलेलं हवं. क्षारता, सोडियमचं प्रमाण आणि बायकार्बोनेट दर तीन महिन्यांनी. सोडियम वाढत गेला तर काळी माती चोपण होते, वर पापुद्रा धरते. तेव्हा माती परीक्षणावरून जिप्सम द्यावा लागतो.

तपासणी: वारा नसताना पहाटे एका भागात वीस सारखे डबे मांडा आणि १५ मिनिटं पाणी द्या. सर्वात कमी भरलेल्या पाच डब्यांच्या सरासरीला सगळ्यांच्या सरासरीने भागा. उत्तर ०.७ पेक्षा कमी आलं तर नोझल, दाब आणि स्प्रिंकलरच्या डोक्याचा तिरकेपणा दुरुस्त करा. हे न करता मिनिटं वाढवली तर कोरडा कोपरा कोरडाच राहतो आणि ओला कोपरा कुजतो.

## टप्पा ८: गवत कधी लावायचं

पेरणीचा नियमच लावा: ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय लावण नाही. साधारण जूनअखेर ते जुलै. उद्घाटनाची तारीख गाठायला एप्रिलमध्ये लावलेली हरळी टँकरवर जगते आणि त्यात वर्षाच्या पाण्याचा मोठा वाटा पहिल्या दोन महिन्यांत जातो. उद्घाटन दिवाळीनंतर ठेवा.

ग्रीनला टिफड्वार्फसारखी बुटकी हरळी, फेअरवेला टिफवे ४१९ किंवा सिलेक्शन नंबर १. पाणी खारट असेल तर पास्पालम. उघड्या पडलेल्या जमिनीवर पहिल्याच पावसात गाजर गवत उगवतं. ते फुलण्याआधी उपटा, हातमोजे घालून.

हिवाळ्यात हरळी थोडी पिवळी पडते. ती मेलेली नसते. तिच्यावर थंडीतलं दुसरं गवत पेरून रंग आणू नका, त्याला वेगळं पाणी लागतं.

## टप्पा ९: टंचाईत काय तोडायचं ते आधीच लिहून ठेवा

एक फेब्रुवारीला तळ्याची पट्टी वाचा आणि शिल्लक पाणी टप्पा ३ मधल्या तुटीशेजारी मांडा. कमी असेल तर कपात त्याच दिवशी सुरू करा, एप्रिलची वाट बघू नका. क्रम असा: आधी फेअरवेच्या कडा, मग पूर्ण फेअरवे एक तृतीयांशाने, मग फेअरवे आठवड्यातून एकदाच, मग टी. ग्रीन सर्वात शेवटी. सव्वा एकराला मेमध्येही रोज ३६-३७ हजार लिटरच लागतात. कपातीच्या आधीच फेअरवेची कापणी १२-१५ मिमीवरून १८-२० मिमीवर न्या, म्हणजे मुळं खोल राहतात. नत्र खत बंद ठेवा. हरळी तपकिरी पडली तरी गाठी जिवंत असतात, मृगाच्या पावसावर फुटतात.

गावाला टँकर सुरू झाला त्या दिवसापासून भूजलाचा उपसा पूर्ण बंद. ही अट पहिल्याच करारात, मालकाच्या सहीसह घाला, आणि मीटरचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.